शेगडीचा कोळसा घेताना

जानेवारीतली एक पहाट आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा आम्ही वॉर्डात रात्रपाळीला होतो. एका वस्तीतले अख्खे कुटुंब रिक्षातून आले. आईबाप, सात वर्षांची मुलगी आणि म्हातारी आजी. सगळ्यांचे डोके ठणकत होते, उलट्या होत होत्या. आजी तर बोलतच नव्हती. "रात्री काय खाल्लं?" हाच प्रश्न सगळ्यांनी विचारला. आम्हीही तोच विचारला. केसपेपरवर अन्नातून विषबाधा लिहिले गेले, सलाइन लागले. खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी होती आणि दाराच्या फटीत गोधडी कोंबली होती, हे सकाळी शेजारीण चहा घेऊन आली तेव्हा कळले. तिघे वाचले, आजी वाचली नाही. मुलीची आई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "पण धूर नव्हता हो सिस्टर, नुसते निखारे होते."

त्या वाक्यासाठी हा लेख लिहितो आहोत. पण सुरुवात बाजारापासून करू, कारण घरात काय जळणार हे तिथेच ठरते.

नागपूर, कामठी, चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या पट्ट्यात जमिनीखाली कोळसा आणि वर आपली टिनाची घरे. थंडीत पारा दहाच्या खाली गेला की टिन बर्फासारखे होते. गॅसची टाकी घरात असली तरी ती भाकरीपुरती जपून वापरायची. ऊब हवी तर शेगडीच. मग कुणी टालावरून पोते आणतो, कुणी लाकडी कोळसा घेतो, कुणी चुरीत माती-शेण कालवून गोळे थापतो.

खाणीतल्या कोळशाची सरकारी प्रतवारी त्याच्या उष्णतेवरून होते. किलोमागे ७००० किलोकॅलरीच्या वर असेल तो जी-१, आणि तिथून पायरीपायरीने खाली जी-१७ पर्यंत. आपल्या दारात येणाऱ्या पोत्यावर मात्र यातले काहीच लिहिलेले नसते. कंपन्यांना प्रत कळते, आपल्याला फक्त भाव कळतो! म्हणून आपली परीक्षा आपणच करायची.

आमच्या महिला मंडळाने मागच्या हिवाळ्यात विहाराच्या अंगणात तीन पोती उघडून पाहिली. आधी काट्यावर ठेवली. मग कोळसा ताडपत्रीवर पसरून दोन दिवस ऊन दिले आणि पुन्हा तोलला. एका पोत्याचे वजन चांगलेच उतरले, म्हणजे तेवढे पाणी आपण कोळशाच्या भावाने घेतले होते. नंतर प्रत्येकातला एक-एक किलो एकाच शेगडीत जाळून राख तोलली. चांगल्या पोत्याची राख पाव किलोच्या आत आली. सर्वांत स्वस्त पोत्याची जवळपास चारशे ग्रॅम, वर न जळलेले दगड वेगळे.

हिशेब करून बघा. समजा २० किलोचे पोते २०० रुपयांना मिळाले, पण त्यात २ किलो पाणी आणि ८ किलो राख. जळणारे उरले १० किलो, म्हणजे किलोला २० रुपये. दुसरे पोते २६० चे, पण त्यात १ किलो पाणी आणि ४ किलो राख. जळणारे १५ किलो. किलोला साडेसतराही पडत नाहीत. महाग वाटलेले पोते स्वस्त निघाले.

जाळून बघायला वेळ नसेल तर हाताने पारखा. चांगला तुकडा काळा, चमकदार आणि आकाराच्या मानाने हलका लागतो. करडा, मळकट, हाताला जड लागणारा तुकडा म्हणजे बहुतेक दगडच. सोनेरी चकाकणारे कण दिसले तर त्यात गंधक आहे असे समजा. असा कोळसा पेटला की नाकाडोळ्यांना झोंबतो, दम्याच्या माणसाला तर फारच.

आता आकार. नारळाएवढा डला बघायला छान, पण घरच्या शेगडीत तो नीट पेटत नाही, बाहेरून जळतो आणि आत तसाच राहतो. फोडायला बसलो की अर्धी चुरी होते. चुरी टाकली की जाळीची भोके बुजतात, खालून हवा मिळत नाही, मग धूरही जास्त आणि विषारी वायूही जास्त. लिंबापासून अंड्यापर्यंतचे, साधारण एकसारखे तुकडे सर्वांत बरे. पोते घेताना वरचे चार तुकडे बघू नका, तळातून हात घालून पाहा. चुरी तळाला बसलेली असते. टालवाला कुरकुर करेल, करू द्या.

उरलेल्या चुरीचे गोळे करायला हरकत नाही, पण ते कडक वाळलेले हवेत. ओला गोळा धुमसतो. आणि दगडी कोळशाच्या राखेने भांडी घासू नका. ती लाकडाच्या राखेसारखी नसते, तिची बारीक धूळ छातीला वाईट.

कोळसा कितीही चांगला असला तरी एक गोष्ट बदलत नाही. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, म्हणून माणूस श्वास घेत असूनही आतून गुदमरतो. धूर संपून लाल निखारे उरले की आपण शेगडी आत घेतो, पण निखारेही हा वायू सोडतच असतात. लाकडी कोळसा धूर करत नाही म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. तसे मुळीच नाही. पोटातल्या बाळाला तर हा वायू आईपेक्षाही जास्त बाधतो.

म्हणून शेगडी अंगणात पेटवा. आत घ्यायची तर सगळे जागे असेपर्यंतच, आणि समोरासमोरचे दार-खिडकी थोडे उघडे ठेवून. थंडी येते हे आम्हालाही कळते. झोपायच्या आधी शेगडी बाहेर गेलीच पाहिजे. अंथरुणात ऊब हवी असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून घ्या.

एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू झाली, ताप मात्र नाही, तर पहिली शंका शेगडीची घ्या. दार सताड उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. यावर औषध म्हणजे मास्कने दिलेला भरपूर ऑक्सिजन. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते, रक्तात हा वायू भरलेला असतानाही ९८ दाखवू शकते. त्यामुळे आकडा चांगला आला म्हणून कुणी घरी पाठवू लागले, तर तिथेच थांबा आणि स्पष्ट सांगा, "खोलीत कोळशाची शेगडी होती, दार बंद होतं."