प्लास्टर हाड जोडत नाही
घोट्याचे प्लास्टर निघाले की हाड पूर्ण जुळले, असा सर्रास समज असतो. घोटा मोडतो तेव्हा नडगीच्या आणि तिच्या बाहेरच्या बारीक हाडाची, पावलाला दोन्ही बाजूंनी धरणारी टोके (मॅलिओलस) मोडतात. कधी एक, कधी दोन्ही. प्लास्टर ती जोडत नाही. स्लॅबखालच्या सेंटरिंगसारखे ते नुसता आकार धरून ठेवते. तुकडे सरकले असतील तर शस्त्रक्रियेने बसवलेली पट्टी आणि स्क्रूही तेवढेच करतात.

जोडण्याचे काम हाडच करते. आधी तिथे रक्त साकळते, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ कॅलस (दोन टोकांना सांधणारी नवे पेशीजाल) तयार होते आणि हळूहळू कठीण बनते. साधारण ६ आठवड्यांनी ते बहुधा भार सोसू लागते. मूळ घडण परत यायला मात्र कित्येक महिने जातात. धूम्रपान करणाऱ्यांत हे सगळेच रेंगाळते, आणि नेमकी हीच सवय रुग्ण अनेकदा सांगायची टाळतात.

म्हणून प्लास्टर निघाल्यावर पाय आखडणे, संध्याकाळी सुजणे हे सहसा बिघाडाचे लक्षण नसते. पोटरी अचानक दुखून सुजली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.