गेटिसबर्गला धावून गेलेल्या धर्मभगिनी

अमेरिकेच्या यादवी युद्धातले (१८६१-६५) सेनापती आपल्याला ठाऊक असतात, पण जखमींच्या उशाशी बसलेल्या कॅथलिक सिस्टर्स फारशा कुणाला माहीत नाहीत. तेव्हा अमेरिकेत प्रशिक्षित परिचारिका जवळपास नव्हत्याच. इस्पितळं चालवायचा अनुभव होता तो या धर्मभगिनींना. सहाशेहून अधिक जणींनी शुश्रूषा केली, तीही दोन्ही बाजूंच्या सैनिकांची!

जुलै १८६३. गेटिसबर्गची लढाई नुकतीच थांबलेली. जवळच्या एमिट्सबर्गहून ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’च्या सिस्टर्स बँडेजं, औषधं, खाणंपिणं घेऊन निघाल्या. वाटेत सैनिकांनी गोळ्या झाडू नयेत म्हणून सोबतच्या फादरांनी काठीला पांढरा रुमाल बांधला होता. पुढे रस्ताभर प्रेतं, आणि गावात चर्चपासून घरांपर्यंत जखमीच जखमी. पांढऱ्या, पंखांसारख्या पसरट टोप्यांवरून या सिस्टर्स लांबूनही ओळखू यायच्या.

‘होली क्रॉस’च्या सिस्टर्सनी तर मिसिसिपी नदीवर ‘रेड रोव्हर’ या नौदलाच्या इस्पितळ-जहाजावर काम केलं. मला हे फार मोठं वाटतं.

वॉशिंग्टनला गेलात, तर सेंट मॅथ्यूज कॅथीड्रलजवळचं या सिस्टर्सचं १९२४ चं स्मारक जरूर बघा. त्यावर बारा धर्मभगिनी कोरल्या आहेत, प्रत्येकीचा पेहराव वेगळा.