श्वासात साचणारी वाळू

तंजावूर हा कावेरीच्या गाळाचा प्रदेश. सुमारे 1010 साली पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिराचा ग्रॅनाइट तेथे बाहेरून आणावा लागला. तो घडविणाऱ्या हातांचे कौतुक आजही होते. त्यांच्या छातीत किती धूळ साचली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. ग्रॅनाइट कापताना, वा क्वार्ट्‌झ भरडताना, उडणाऱ्या धुळीत स्फटिकमय सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. त्यांना गिळणाऱ्या रक्षक पेशीच मरतात, व्रण साचतात आणि फुप्फुस कठीण होत जाते. या सिलिकोसिसवर औषध नाही. क्षयाचा धोकाही वाढतो. अनेकदा तर आजाराला क्षयच समजले जाते आणि कामाशी असलेला त्याचा संबंध कागदावर येतच नाही.

जे कागदावर नाही, त्याची भरपाईही नाही. मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूर भागातले आदिवासी मजूर गुजरातेत क्वार्ट्‌झ भरडायला गेले आणि हा आजार घेऊन परतले. प्रदीर्घ लढ्यानंतर, 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

1948 च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिसची नोंद सक्तीची होती. पण रस्त्याकडेच्या पालाखाली दगड घडविणारा कारागीर त्या कायद्याच्या कक्षेत क्वचितच येत असे. राजस्थानने 2019 मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आखले. इतर राज्यांनीही तो मार्ग धरावा. दगडावर पाण्याची धार सोडणे आणि धूळ उगमापाशीच खेचून घेणे, हे उपाय काही अवघड नाहीत. ते मृत्यूनंतरच्या भरपाईपेक्षा स्वस्तही आहेत.