फळ्यावर लिहिणारे हात

मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या, गाळ्यांवर झाडलोट करणाऱ्या, टेम्पो चालविणाऱ्या आपल्या समाजबांधवांच्या घरी आज बहुधा एक तरी मोबाइल असतो. मात्र तो असतो कोणाच्या खिशात? गुलटेकडीच्या या बाजारात रात्रभर मालाच्या गाड्या लागतात, पहाटे फळभाजीची विक्री सुरू होते आणि घरचा कर्ता माणूस फोन घेऊन बाहेर पडतो. मुलांची ऑनलाइन शाळा नेमकी सकाळी. ही साधी गोष्ट टाळेबंदीत फार कमी जणांच्या ध्यानात आली.

राज्यातील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. मधला थोडा काळ सोडला तर शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. लहानांना त्याहूनही अधिक थांबावे लागले. या काळात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने पालकांच्या व्हॉट्सॲपवर रोजचा अभ्यास पाठविला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. तिला इंटरनेट लागत नव्हते, म्हणून ती आपल्या वस्त्यांत खरोखरच पोहोचली. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य शासनाने गुगलबरोबर करार करून शिक्षकांना गुगल क्लासरूम आणि मीट ही साधने मोफत उपलब्ध करून दिली. परंतु साधन मोफत मिळाले म्हणजे वापरता आले असे नव्हे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत संगणक असलेली कुटुंबे शहरांत शेकडा २३.४ आणि खेड्यांत शेकडा ४.४ एवढीच होती. इंटरनेट शहरांत शेकडा ४२ कुटुंबांकडे, खेड्यांत जेमतेम १५ कुटुंबांकडे.

त्या वेळचा एक प्रकार आमच्या मनात घर करून आहे. वस्तीतील एका मुलीची हजेरी वडिलांच्या फोनवरून लागे, म्हणून पडद्यावर नाव दिसे वडिलांचे. बाई विचारीत, ‘हे गृहस्थ कोण वर्गात आलेत?’ मुले हसत. मुलगी गप्प. पुढे कॅमेरा सुरू करण्याचा आग्रह झाला. दहा बाय बाराच्या खोलीत मागे आई स्वयंपाक करते आहे, आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, ते सारे वर्गापुढे कशाला मांडायचे? मुलीने कॅमेरा बंद ठेवला आणि बेशिस्तीचा शेरा मिळविला. आमच्या मते बेशिस्त तिची नव्हती. वर्ग घरात आणताना घर कसे आहे याची चौकशी आधी व्हायला हवी होती.

आता शाळा सुरळीत आहेत. मग हा विषय आज कशाला? कारण ऑनलाइन शिकवणे थांबलेले नाही. शिकवण्या, स्पर्धा परीक्षांचे वर्ग, महाविद्यालयांचे प्रकल्प या सर्वांत ते येऊन बसले आहे. आमच्या विहारातील अभ्यासिकेतही ते आले. याच वस्तीत वाढलेली, पदवीधर झालेली आमची एक भगिनी लग्नानंतर हडपसरला राहते. रोज येणे तिला जमत नाही, म्हणून ती आठवी-नववीच्या मुलांना गणित ऑनलाइन शिकविते. तिच्या पद्धतीतून आम्ही जे पाहिले ते पालकांना सांगावेसे वाटते.

ती भाषण करीत नाही. गुगल स्लाइड्स नावाचे एक मोफत साधन आहे. त्यात चित्रांची व मजकुराची पाने एकामागून एक मांडता येतात आणि एकाच वेळी अनेकांना त्यावर लिहिता येते. प्रत्येक मुलाला एक पान, वर त्याचे स्वतःचे नाव. फोन बापाचा असो की मावशीचा, पान मुलाचे. एका पानावर प्रश्न होता : पन्नास किलोची बारा पोती, भाव क्विंटलला ३,२०० रुपये, तर किंमत किती? हमालाच्या मुलाने सर्वांत आधी १९,२०० लिहिले, कारण बारा पोती म्हणजे सहा क्विंटल हे त्याला शिकवावे लागत नाही. वर्गात ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही असा हा मुलगा. त्याचे उत्तर सर्वांच्या पडद्यावर उमटले तेव्हा इतर मुलांनी त्याच्या पानावर जाऊन रीत पाहिली.

आम्ही कारकून माणसे, वाणिज्य शाखेचे. आम्हाला हे सारे किर्द-खतावणीसारखे वाटते. वही एक, नोंद करणारे अनेक, आणि कोणी केव्हा काय लिहिले ते कायम राहते. एकदा एका पोराने खोडी काढून दुसऱ्याचे पान पुसले. बाईंनी फाइलचा जुना इतिहास उघडला, पान परत आणले आणि पुसणाऱ्याचे नावही सर्वांनी पाहिले. फाइल वाटताना केवळ पाहण्याची, शेरा लिहिण्याची किंवा बदल करण्याची अशी वेगवेगळी परवानगी देता येते. शिक्षकाने नुसती पाहण्याची परवानगी दिली की तोच फळा पुन्हा सिनेमा होतो. शिकवणीची फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढे जरूर विचारावे : मुलाला लिहायला मिळते का?

खर्चाचेही पाहा. तासभर व्हिडिओ चालविला की शेकडो एमबी डाटा जातो. लिहिण्याच्या फाइलला त्या मानाने फारच थोडा लागतो. फाइल ऑफलाइन ठेवली तर नेट नसतानाही उघडते. झूमची मोफत बैठक चाळीस मिनिटांत आपोआप बंद होते. आमच्या मते मुलांच्या डोळ्यांना तेवढी पुरेही. तेरा वर्षांखालील मुलाचे खाते पालकाच्या देखरेखीखालीच उघडता येते; त्यासाठी वय खोटे टाकू नये.

आणि कंपनीच्या वहीवर विसंबून राहू नये. जॅमबोर्ड नावाचा गुगलचाच फळा होता, शिक्षकांना फार आवडलेला. कंपनीने तो २०२४ अखेर बंद केला. अशा वेळी आपल्या कामाची प्रत आपल्याकडे असलेली बरी. आमच्या अभ्यासिकेत दर महिन्याला मुलांची पाने पीडीएफ करून ठेवतात, आणि परीक्षेच्या आधी त्यांची छपाईही करतात.

हे सगळे इंग्रजी शाळांचे चोचले असे कोणी म्हणेल, तर त्यांना सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याचे परितेवाडी दाखवावे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून धडे फोनवर ऐकण्या-पाहण्याची सोय केली. पुढे राज्याच्या पुस्तकांतही असे कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. मराठी शाळा, खेडेगाव, तुटपुंजी साधने. तरीही झाले.

आपल्याकडे अडचण अजून एकच उरते, ती फोनची. अभ्यासिकेत अकरा मुले आहेत आणि फोन पाच. म्हणून दोघा-तिघा मुलांनी एका पानावर काम करायचे आणि लिहिणारा हात दर प्रश्नाला बदलायचा, असा नियम बाईंनी केला आहे. वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता भरतो. त्या वेळी वडील घरी असतात, फोन चार्जिंगला लावलेला असतो, आणि गाड्या लागायला अजून अवकाश असतो.