विश्लेषण : एका किलो तूरडाळीतले २१ रुपये… तिवसासारख्या गावात ‘रास्त व्यापार’ कसा जमेल?

‘स्थानिक माल घ्या’ हे आवाहन दरवर्षी होते. पण असा माल घेतल्याने कास्तकाराच्या हाती नक्की किती जास्त पडते आणि ग्राहकाच्या खिशातून किती जास्त जाते? त्याचाच हा हिशेब…

नागपूर-अमरावती महामार्गावरचे तिवसा हे तालुक्याचे गाव. भोवताली कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्रा. हंगामात इथून माल भरून गाड्या बाहेर जातात आणि बाहेरून पाकीटबंद माल भरून गाड्या येतात. तूर पोत्यात जाते, डाळ पाकिटात येते. पाकिटावर कंपनीचे नाव असते, पिकवणाऱ्याचे नसते. पिकवणारा आणि खाणारा एकाच तालुक्यात असूनही दोघांना एकमेकांचा भाव माहीत नसतो. ‘रास्त व्यापार’ अर्थात ‘फेअर ट्रेड’चा प्रश्न इथूनच सुरू होतो.

‘फेअर ट्रेड’ म्हणजे नेमके काय?

या व्यवस्थेचे आजचे रूप १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये आले. मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांची कॉफी ‘मॅक्स हॅवेलार’ या शिक्क्याखाली विकली जाऊ लागली. हे नाव १८६० मधील एका डच कादंबरीचे. जावा बेटावरील शेतकऱ्यांच्या शोषणावर ती लिहिलेली आहे. पुढे १९९७ मध्ये वेगवेगळ्या देशांतील अशा संस्था एकत्र आल्या आणि आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

नियम साधे आहेत. पहिला, पिकाची किमान किंमत आधीच ठरलेली असते. बाजार त्याखाली गेला तरी खरेदीदाराने ती द्यायची आणि बाजार वर गेला तर बाजारभाव द्यायचा. दुसरा, त्यावर वेगळा ‘प्रीमियम’ द्यायचा. तो एकट्या शेतकऱ्याच्या खिशात जात नाही. गटाच्या सभेत ठराव करून गोदाम, यंत्र, शाळा अशा कामांवर तो खर्च होतो. तिसरा, गटाने मागणी केल्यास मालाच्या रकमेचा काही भाग आगाऊ द्यायचा.

ही कल्पना परदेशातूनच आली का?

शिक्का परदेशी आहे, विचार नाही. तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूरला वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तिथे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. संघाची धुरा वाहणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांची मांडणी अशी होती की, वस्तू विकत घेणारा हा ती वस्तू ज्या पद्धतीने बनली त्या पद्धतीतही वाटेकरी असतो. कुणाला उपाशी ठेवून ती बनली असेल, तर त्याची जबाबदारी ग्राहकावरही येते.

१९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्या बायकांना पोटापुरती मजुरी मिळावी, असे धोरण घेतले. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असे गांधीजींचे म्हणणे होते. प्रत्यक्षात ठरलेला दर त्यापेक्षा बराच कमी राहिला, कारण मजुरी वाढली की खादी महाग होणार आणि गिऱ्हाईक तुटणार, ही भीती होती. आज बचत गटाच्या डाळीला, पापडाला हीच अडचण येते. त्याच १९३५ मध्ये तिवसा तालुक्यातील मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. स्वावलंबी गाव हा त्यांच्या ‘ग्रामगीते’चा गाभा आहे.

हमीभाव असताना वेगळा ‘रास्त भाव’ कशाला?

केंद्र सरकारने २०२५-२६ साठी तुरीला ८,००० रुपये, सोयाबीनला ५,३२८ रुपये, तर लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये प्रतिक्विंटल हमीभाव जाहीर केला. पण तो सरकारी खरेदी केंद्रावर मिळतो. त्यासाठी नोंदणी लागते, मालाचा दर्जा बसावा लागतो. कापसात ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर असेल तर माल परत जातो. चुकाऱ्याची वाट पाहावी लागते ती वेगळीच.

ज्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी आहे, त्याला थांबणे परवडत नाही. तो खेडा खरेदीत माल देऊन मोकळा होतो. व्यापारी दारात येतो, रोख देतो, भाव मात्र कमी लावतो. खासगी व्यापाऱ्यावर हमीभावाचे बंधन प्रत्यक्षात लागू होत नाही. ही जागा रास्त व्यापार भरून काढू शकतो, कारण तो खरेदीदार आणि उत्पादक यांच्यातील आपसातला करार असतो.

२१ रुपयांचे गणित काय?

१०० किलो तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. उतारा ७२ किलो धरू. तूर ८,००० रुपयांनी घेतली, तर किलोभर डाळीतील तुरीची किंमत १११ रुपये होते. तीच तूर ६,५०० रुपयांनी घेतली असे समजा, तर ही किंमत ९० रुपये होते. फरक किलोमागे २१ रुपयांचा. भरडाईचा खर्च दोन्हीकडे सारखाच आणि चुनीचे पैसेही दोन्हीकडे सारखेच येतात.

महिन्याला चार किलो डाळ लागणाऱ्या घराला हा फरक ८४ रुपये पडतो. दहा क्विंटल तूर विकणाऱ्या कास्तकाराला तो १५,००० रुपये पडतो. ग्राहकाच्या बाजूला मोबाइलच्या रिचार्जपेक्षा लहान दिसणारी रक्कम शेतकऱ्याच्या बाजूला पुढच्या हंगामाच्या बियाण्या-खताची सोय असते.

कापसाला हेच गणित लागू होते का?

होते, आणि तिथे ते आणखी बोलके आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. सूतगिरणी आणि शिलाईतील घट वजा केली, तर त्यातून ढोबळमानाने १५० टी-शर्ट होतात. म्हणजे ८,११० रुपये भाव धरला, तरी एका टी-शर्टमागे कापसाचे ५४ रुपये. त्यातही सरकीचे पैसे वेगळे वसूल होतात. कापसाचा भाव दहा टक्क्यांनी वाढवला, तर टी-शर्ट साडेपाच रुपयांच्या आसपास महागेल.

मात्र, कापूस उत्पादकाच्या भावाचा निर्णय फार दूर होतो. केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले, नंतर ही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमका हाच वऱ्हाडातला वेचणीचा काळ. संत्र्याचेही तसेच. मोठा ग्राहक असलेल्या बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेले आणि त्याचा फटका इथल्या बागांना बसला. गावातले ग्राहक हा सगळा संत्रा किंवा कापूस रिचवू शकत नाहीत. डाळ, तेल, मसाला, पापड यांचे तसे नाही. ते रोज लागतात आणि इथेच तयार होऊ शकतात.

वऱ्हाडात हा प्रयोग झाला आहे का?

झाला आहे. ‘चेतना ऑरगॅनिक’ हा उपक्रम २००४ पासून विदर्भ, आदिलाबाद आणि ओडिशातील कोरडवाहू कापूस उत्पादकांसोबत सुरू झाला. आधी गावपातळीवर गट, मग सहकारी संस्था आणि पुढे शेतकऱ्यांचीच उत्पादक कंपनी, अशी त्याची उभारणी झाली. सेंद्रिय आणि ‘फेअर ट्रेड’ अशा दोन्ही शिक्क्यांचा कापूस थेट कापड कंपन्यांपर्यंत गेला.

या वाटेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. शिक्का मिळाला म्हणजे सगळा माल त्या भावाने विकला जातो, असे नाही. खरेदीदार मिळेल तेवढाच माल रास्त भावाने जातो, उरलेला नेहमीच्या बाजारात. शिवाय तपासणी आणि कागदपत्रांचा खर्च असतो. तिवसातल्या एखाद्या बचत गटाला आंतरराष्ट्रीय शिक्क्याची गरज नाही. त्याला नियमित गिऱ्हाईक हवे.

गावातच डाळ करणे शक्य आहे का?

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ याच कामासाठी आहे. एखादा गट किंवा शेतकरी कंपनी ती चालवू शकते. कंपनी कायद्यात २००२ मध्ये बदल झाल्यापासून शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. केंद्राच्या २०२० मधील योजनेत सपाट भागात किमान ३०० सभासद असलेल्या कंपनीला व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आणि भागभांडवलासाठी १५ लाखांपर्यंत अनुदान ठेवले होते. महिला गटांसाठी ‘उमेद’ आणि ‘माविम’ यांचे जाळे आहेच.

बऱ्याच कंपन्या अडतात त्या खेळत्या भांडवलावर. हंगामात तूर रोखीने घ्यावी लागते आणि डाळ वर्षभर विकावी लागते. मोठा व्यापारी ही रक्कम अडकवू शकतो, गट नाही. त्यामुळे प्रदर्शनात एकदा पाव किलो डाळ घेणारा ग्राहक गटाला फारसा उपयोगी पडत नाही. हंगामातच वर्षभराची डाळ सांगून थोडी रक्कम आगाऊ देणारी पन्नास घरे मिळाली, तर गटाचा मोठा भार हलका होतो. पूर्वी घरोघरी वर्षाचे धान्य भरून ठेवत, त्यातलीच ही पद्धत आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

‘गावरान’ असे छापले म्हणून माल गावचा होत नाही. बाहेरचा माल गावात पाकीटबंद करून विकणारेही असतात. त्यामुळे काही गोष्टी विचारून घेणे बरे.

• माल कोणत्या गावचा, कोणत्या गटाचा?

• तूर किंवा शेंगदाणा शेतकऱ्याकडून काय भावाने घेतला? जो गट खरेच रास्त भाव देतो, त्याला हे सांगायला अडचण नसते.

• शेतकऱ्याला चुकारा किती दिवसांत मिळाला?

• पाकिटावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक, वजन आणि तयार केल्याची तारीख आहे का? स्थानिक म्हणून दर्जात सूट देण्याचे कारण नाही.

भाव पटतो का, हे घरबसल्या तपासता येते. बाजार समितीतील तुरीचा क्विंटलचा भाव घ्यायचा, १०० ने भागायचे आणि १.४ ने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे किलोभर डाळीतील तुरीची किंमत. दुकानातला भाव आणि हा आकडा यांत जे अंतर दिसेल, त्यात भरडाई, वाहतूक आणि नफा येतो. तुरीचा भाव पडला आणि डाळीचा भाव जागेवरच राहिला, तर वाचलेला पैसा ग्राहकालाही मिळालेला नसतो आणि कास्तकारालाही नाही.