१५७४ सालात काय नेसून जायचं?

आमच्या घरात सहलीपेक्षा सहलीची आखणी मोठी. महाबळेश्वरला जायचं ठरलं तरी पंधरा दिवस आधी याद्या सुरू व्हायच्या आणि त्या याद्यांवरून भांडणंही. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मी लेकीकडे शिकागोला गेले आणि पहिल्याच आठवड्यात तिनं, ‘‘आई, यंदा आपण सगळे रेनेसान्स फेअरला जायचं,’’ असं जाहीर केलं, तेव्हा मी आधी एक वही मागून घेतली.

‘‘फेअर म्हणजे जत्राच ना?’’ मी विचारलं.

‘‘जत्राच गं. फक्त साडेचारशे वर्षांपूर्वीची.’’

हा प्रकार काय आहे, ते आधी सांगते. अमेरिकेत उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सुमारास ठिकठिकाणी अशा जत्रा भरतात. झाडीत एक लाकडी गाव उभारलेलं असतं. तिथं लोहार ऐरण ठोकत असतो, कुंभाराचं चाक फिरत असतं, डोंबाऱ्यासारखे खेळ चालतात, घोड्यावरचे सरदार भाले रोखून एकमेकांवर धावून जातात आणि नट-नट्या जुन्या वळणाची इंग्रजी बोलत गर्दीत मिसळलेल्या असतात. बघायला येणारेही निम्मेशिम्मे त्या काळचे कपडे घालून येतात. याची सुरुवात केली लॉस एंजेलिसमधल्या फिलिस पॅटरसन नावाच्या एका शिक्षिकेनं. घराच्या अंगणात मुलांची नाटकं बसवता बसवता तिला ही कल्पना सुचली आणि मे १९६३ मध्ये, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या एका रेडिओ केंद्राला मदत म्हणून, तिनं नवऱ्याबरोबर पहिली जत्रा भरवली. मीही साताऱ्याला बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं. पोरांच्या नाटकातून एवढं मोठं झाड उगवलं, हे ऐकून मला त्या बाईंबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आम्ही जाणार होतो ती जत्रा शिकागोच्या उत्तरेला, इलिनॉय राज्य संपून विस्कॉन्सिन सुरू होतं तिथं भरते. नाव ‘ब्रिस्टल रेनेसान्स फेअर’. जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, शनिवार-रविवारी. गंमत म्हणजे तिथं दरवर्षी आणि दररोज एकच साल असतं : १५७४. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ ब्रिस्टल बंदराला खरोखरच भेट द्यायला गेली होती. त्या भेटीचा दिवस हे लोक पुन्हा पुन्हा जगतात.

मग आमची आखणी सुरू झाली. जावईबापूंनी लग्नाच्या कार्यक्रमपत्रिकेसारखा तक्ता काढला. दहाला फाटक उघडतं, तेव्हा साडेनऊलाच पोचायचं, म्हणजे गाडी सावलीत आणि जवळ लागते. आत गेल्या गेल्या नकाशा घ्यायचा आणि भाल्यांच्या झुंजीची वेळ पाहून त्याभोवती बाकीचा दिवस बसवायचा, कारण तिथं बसायला जागा हवी तर अर्धा तास आधी गाठावं लागतं. ऊन कडक आणि पायाखाली माती-खडी, तेव्हा वापरून सैल झालेले बूट. नवे बूट घालून येईल त्याला कडेवर घेतलं जाणार नाही, अशी तंबी. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, थोडे सुटे पैसे. खेळ करणारे शेवटी टोपी फिरवतात, तिच्यात काहीतरी टाकायला हवं. कंबरेला तलवार लटकवायची असेल तर ती म्यानाला बांधून ठेवावी लागते, उपसता येत नाही. हा नियम मला फार आवडला. आपल्याकडे काही जिभांनाही तो लावता येईल.

खाण्याचा प्रश्न माझ्यामुळे अवघड झाला. या जत्रांची खूण म्हणजे टर्कीची भली मोठी भाजलेली तंगडी, हातात धरून, चालता चालता खायची. टर्की हा मूळचा अमेरिकेतला पक्षी, तो सोळाव्या शतकात इंग्लंडला पोचलाही होता. पण शाकाहारी आजीला त्या ज्ञानाचा काय उपयोग? भाजलेलं मक्याचं कणीस आणि सरबत यांवर माझं भागेल असं ठरलं. माझ्या दोन गुडघ्यांसाठी दर तासाला वीस मिनिटं बैठक, हेही तक्त्यात आलं.

एवढं सगळं जमलं आणि नातीनं सांगितलं, ‘‘मी येत नाही.’’

ती अकरा वर्षांची आहे. महिनाभर तीच या जत्रेचा जप करत होती. लेक आधी समजुतीनं, मग चिडून विचारत राहिली. पोरगी खोलीत जाऊन बसली. रात्री माझ्या गुडघ्यांना तेल चोळताना (हे काम तिनं आपणहून घेतलं होतं) ती हळूच बोलली. तिच्या तीन मैत्रिणीही त्याच दिवशी येणार होत्या. तिघींनी राणीच्या सख्या व्हायचं ठरवलं होतं. हीही म्हणाली, मी चौथी. तर त्यातली एक म्हणाली, ‘‘तू तशी दिसत नाहीस. तेव्हा तुमचे लोक तिथं नव्हतेच.’’

‘‘आजी, ती खोटं बोलली नाही ना? मग मी कोण होऊ?’’

दुसऱ्या दिवशी घरात यावर परिषद भरली. लेक म्हणाली, जत्रेत कुणी परीचे पंख लावून येतं, कुणी चाचा होऊन येतं, कोण विचारतंय? तू हवी ती सखी हो! खरं होतं ते. पोशाख घालायलाच हवा अशी सक्तीही नसते. जावयांनी शोधून काढलं की आठव्या हेन्रीच्या, म्हणजे एलिझाबेथच्या वडिलांच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय तुतारीवादक होता आणि १५११ सालच्या झुंजीच्या सोहळ्याच्या चित्रपटात तो घोड्यावर बसून तुतारी वाजवताना दिसतो. म्हणजे ‘सगळे एकाच रंगाचे होते’ हे काही खरं नाही. नातीनं ते चित्र निरखून पाहिलं. ‘‘पण तो आपला नाही,’’ ती म्हणाली.

मुलांना खोटी समजूत चालत नाही, हे बत्तीस वर्षांत शिकले होते. मी वही उघडली. वर लिहिलं, ‘सन १५७४’. खाली दोन रकाने : ‘तिकडे’ आणि ‘इकडे’.

तिकडे : राणी एलिझाबेथ, चाळिशीची. शेक्सपिअर दहा वर्षांचा. (‘‘माझ्याहून लहान!’’ नात एकदम सरसावून बसली.) इकडे : त्याच वर्षीच्या रामनवमीला अयोध्येत तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’ लिहायला घेतलं. आदल्याच वर्षी, १५७३ मध्ये, आपल्या पैठणच्या एकनाथांनी काशीत ‘एकनाथी भागवत’ पुरं केलं. नाथांचं जन्मवर्ष अनेक अभ्यासक १५३३ धरतात. एलिझाबेथही १५३३ चीच. आणि भारुडांमधून नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशी किती सोंगं उभी केली, ते मी तिला करून दाखवलं. गुडघे धरून केलेलं ते सोंग पाहून ती पहिल्यांदा हसली.

पण दोन रकान्यांच्या मधली रेघ काही ओलांडली जात नव्हती. तिकडचं तिकडे, इकडचं इकडे. आणि लिहिता लिहिता मला आठवले फादर स्टीफन्स!

मराठीच्या प्रत्येक शिक्षकानं त्यांच्यावर कधी ना कधी टिपण लिहून दिलेलं असतं. मीही दिलं होतं आणि विसरले होते. थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशायरचे. ब्रिस्टलपासून ते काही फार लांब नाही. जन्म साधारण १५४९ चा. १५७५ मध्ये रोमला जाऊन ते जेझुइट झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरले. तिथून त्यांनी वडिलांना लिहिलेलं प्रवासवर्णनाचं पत्र आजही वाचायला मिळतं. भारतात येऊन राहिलेल्या अगदी पहिल्या इंग्रजांपैकी ते एक. पुढे चाळीस वर्षं ते गोव्यातच राहिले आणि १६१९ मध्ये तिथंच वारले. दरम्यान ते मराठी इतकी शिकले की ‘क्रिस्तपुराण’ हा हजारो ओव्यांचा ग्रंथ त्यांनी मराठीत रचला. तो १६१६ मध्ये रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत. त्या ग्रंथात त्यांनी आपल्या भाषेचं जे कौतुक केलं आहे, ते शाळेत आम्ही मुलांकडून पाठ करून घ्यायचो.

‘‘म्हणजे राणीच्या वेळचा खराखुरा इंग्लिश माणूस मराठीत लिहायचा? ओव्या?’’

‘‘ओव्या.’’

‘‘माझ्यापेक्षा चांगलं मराठी?’’

‘‘माझ्यापेक्षासुद्धा.’’

तिनं वही ओढून घेतली आणि हिशेब केला. १५७४ मध्ये थॉमस पंचवीस वर्षांचा. म्हणजे अजून निघालेलाच नाही. बराच वेळ पेन्सिल चावून झाल्यावर तिनं दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर एक जहाज काढलं.

‘‘आजी, ठरलं. आपण गोव्याहून आलोय. त्याला बोलवायला.’’

आता खरं सांगायचं तर असं कुणी कधी गेल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही आणि हे मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, ‘‘आजी, ती राणीपण खरी नसते.’’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

मग खरी तयारी लागली. मी तिच्यासाठी खणाचं कापड नेलं होतं, त्याचा परकर शिवला. माझ्या ट्रंकेत एक नऊवारी होतंच. ते नेमकं १५७४ च्या धाटणीचं आहे असा दावा मी करणार नाही, पण चालायला ते त्या घोळदार झग्यांपेक्षा नक्कीच सोयीचं आणि गुडघ्यांना मोकळं. लेक आधी म्हणाली, ‘‘आई, लोक बघतील गं.’’ मी म्हटलं, ‘‘त्यासाठीच तर जातात ना सगळे?’’ ती गप्प झाली. आदल्या रात्री पाहिलं, तर ती आपल्या लग्नातली नथ शोधत होती.

जत्रेच्या दिवशी फाटकापाशी पिसांची टोपी घातलेल्या एका गृहस्थानं कमरेत वाकून नातीला विचारलं, ‘‘बाईसाहेब कुठल्या बंदरातून आल्या?’’

‘‘गोव्याहून. आम्ही थॉमसला न्यायला आलोय.’’

‘‘कुठल्या थॉमसला? इथं हाक मारली तर वीस थॉमस धावत येतील.’’

‘‘जो आमच्या भाषेत मोठ्ठं काव्य लिहिणार आहे त्याला. त्याला अजून माहीत नाही.’’

त्या भल्या माणसानं टोपी काढली आणि भेटला की निरोप देतो म्हणाला. मागे उभ्या असलेल्या त्या तीन सख्यांनी हे ऐकलं. पाच मिनिटांत त्या थॉमसला शोधायला आमच्याबरोबर निघाल्या. ‘तशी दिसत नाहीस’ म्हणणारी तर सर्वांत पुढे होती. दिवसभर भेटेल त्या लोहाराला, कुंभाराला चौघी विचारत होत्या, थॉमस पाहिलात का?

थॉमस अर्थातच सापडला नाही. कणीस गोड होतं, झुंज बघायला जागा मिळाली, आणि गुडघ्यांनी संध्याकाळपर्यंत साथ दिली.

परतताना गाडीत सगळे पेंगले होते. नात मात्र जागी होती. ‘‘आजी, तुमच्याकडे पण अशी जत्रा असते? त्या वेळची?’’ मी तिला पैठणच्या नाथषष्ठीबद्दल सांगितलं. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथांच्या समाधीच्या दिवशी, दिंड्या येतात. तिथं कुणी कुणाचं सोंग घेऊन आलेलं नसतं. माणसं आपापल्या कपड्यात येतात, शेकडो वर्षं येताहेत.

ती काही बोलली नाही. सकाळी वहीत पाहिलं, तर नवं पान सुरू झालं होतं. वरती वाकड्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, ‘पैठण’. त्याखाली पहिला प्रश्न : ‘पाणी किती न्यायचं?’

काय नेसायचं, हा प्रश्न त्या यादीत नव्हता.