कांद्याचा भाव दिसण्याआधी स्क्रीन पांढरी का राहते? वेबपेजवरील चित्रांचा हिशेब

पुणे : गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आज कांदा काय भावाने गेला, हे शेतकरी गाडी भरण्याआधी मोबाइलवर पाहतो. त्याला हवे असतात तीनच आकडे : किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. तरीही रेंज कमी असली की बाजारभावाचे एखादे पेज पांढरेच राहते. तोवर आडत्याला फोन लावून भाव विचारूनही होतो.

अशा वेळी दोष अनेकदा पेज सजवणाऱ्या चित्रांचा असतो. ती दोन प्रकारे पाठवता येतात. एक, प्रत्येक चित्राची वेगळी फाइल. दुसरा, चित्राचे अक्षरांत रूपांतर करून ते थेट स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पेजचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये लिहिणे. या 'डेटा यूआरआय' पद्धतीचे नियम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा त्यात शहाणपण होते. ब्राउझर एका सर्व्हरकडून एका वेळी मोजक्याच फाइल आणू शकत असे. पुढे ही संख्या साधारण सहापर्यंत गेली, तरी वीस चित्रे असली की यार्डाच्या गेटवर ट्रकची लागते तशी रांग लागायची. सगळा माल एकाच गाडीत भरला की रांग संपली.

पण गाडी जड होते. बेस-६४ रूपांतरात ३ बाइटची ४ अक्षरे होतात. ९० केबीचा फोटो १२० केबी होतो. सर्व्हरने फाइल दाबून पाठवली तर हा फुगवटा बराच उतरतो. खरी अडचण वेगळीच आहे. स्टाइलशीट पूर्ण येईपर्यंत ब्राउझर सहसा पेज दाखवतच नाही. म्हणजे डाळिंबाच्या फोटोमागे कांद्याचा भाव अडकतो! फोटो वेगळा असेल तर आकडे आधी दिसतात, फोटो मागाहून येतो. शिवाय स्टाइलशीटमध्ये एक रंग बदलला, तरी आतल्या चित्रांसह सगळी फाइल पुन्हा उतरवावी लागते.

२०१५ मध्ये आलेल्या एचटीटीपी-२ मुळे एकाच जोडणीवरून अनेक फाइल एकदम येऊ लागल्या. रांगेचे कारणही त्यामुळे बरेचसे उरले नाही.

भाव चढला-उतरला दाखवणारा छोटा बाण मात्र स्टाइलशीटमध्ये खुशाल ठेवावा. 'व्हीट' हे वेबसाइट बांधणीचे साधन मूळ सेटिंगमध्ये सुमारे ४ केबीपेक्षा लहान चित्रे आपणहून आत घालते आणि मोठी बाहेर ठेवते. ही मर्यादा बदलता येते. ती वाढवण्याआधी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करावा आणि भाव दिसायला किती सेकंद लागतात, ते मोजावे.